दोनशे किलोची डेडलिफ्ट बाजूला ठेव, आधी २८ पौंडाशी गाठ पडू दे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे वय ३४, मूळचा सांगलीकडचा, शाळा-कॉलेजात गोळाफेक केलेली, नोकरीसाठी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला येऊन वर्ष झालं, जिममध्ये डेडलिफ्ट २०० किलो. गेल्या ऑगस्टमध्ये जवळच्या अबॉयनचे हायलँड गेम्स, म्हणजे इथले पारंपरिक मैदानी खेळ, बघितले आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की हे जड वस्तू फेकायचे इव्हेंट आपल्याला जमतील का, सुरुवात कुठून करायची, किल्ट, म्हणजे तो चुण्यांचा स्कॉटिश घागरा, घालावाच लागतो का, आणि आपल्यासारख्याला ते घेतील का. शेवटी एक प्रश्न लाजत लाजत विचारलायस, त्याचं उत्तर शेवटीच देतो.

जमेल, आणि घेतील पण. मी स्वतः ३५ व्या वर्षी सुरू केलं, आता ४६ चा आहे आणि मास्टर्समध्ये, म्हणजे चाळिशीपुढच्यांच्या गटात फेकतो. मी काही चॅम्पियन नाही हे आधीच सांगतो. अकरा सीझनमध्ये दोनदा दुसरा आलोय आणि एकदा पहिला, तोही वेट ओव्हर द बारला, म्हणजे उंच बारवरनं वजन टाकायच्या इव्हेंटला, कारण जो नेहमी जिंकतो त्याची त्या दिवशी पाठ धरली होती. पण नवीन पोरांना शिकवायचं काम बऱ्यापैकी केलंय, त्यामुळे जिममधनं आलेला माणूस नेमका कुठे अडकतो ते चांगलं माहितीय, कारण मीही तिथेच अडकलो होतो.

तुझी ताकद पुरेशी आहे, जास्तच आहे. प्रॉब्लेम तोच होणार. माझा पहिला दिवस सांगतो. २८ पौंडाचं वजन, म्हणजे १२.७ किलो. मी मनात म्हटलं यात काय आहे, एवढं तर मी वॉर्मअपला उचलतो. जीव खाऊन फेकलं, ३१ फूट. माझ्यानंतर एक सतरा वर्षांचं शेतकऱ्याचं पोरगं आलं, अंगानं काटकुळं, किल्ट कमरेवर टिकत नव्हता त्याचा, त्यानं दोन गिरक्या घेतल्या आणि माझ्यापुढे बारा फूट टाकलं, आणि चेहऱ्यावर कष्ट काही नाहीत. मी हातानं ओढत होतो, तो पायानं फिरत होता, एवढाच फरक. आणि हा एवढासा फरक माझ्या अंगात उतरायला दोन वर्षं गेली.

ही २८ आणि ५६ पौंडाची वजनं कुठून आली ते कळलं की खेळ जास्त आवडतो. इथे जुनं माप म्हणजे १४ पौंडाचा एक स्टोन, अजूनही म्हातारी माणसं स्वतःचं वजन स्टोनमध्येच सांगतात. दोन स्टोन म्हणजे २८, चार स्टोन म्हणजे ५६, आणि ५६ म्हणजे ११२ पौंडाच्या हंड्रेडवेटचं निम्मं. आपल्याकडे अडतीच्या दुकानात काट्याशेजारी लोखंडी मापं पडलेली असायची ना, तशीच ही व्यापाऱ्यांची मापं, त्याला कडी होती म्हणून ती धरून फेकायला लागले. आताचं वजन म्हणजे लोखंडी ठोकळा किंवा गोळा, त्याला थोडी साखळी आणि वर धरायला कडी, सगळं मिळून १८ इंच. पुरुषांना लांब फेकायला २८ आणि ५६, बायकांना १४ आणि २८. एका हातानंच फेकायचं, मागे ९ फुटांची जागा मिळते, पुढे जमिनीत ठोकलेली लाकडी फळी असते तिला ट्रिग म्हणतात, फेकताना तिच्यावर किंवा तिच्यापुढे पाय गेला की फाउल.

आता हे फेकायचं कसं. थाळीफेक बघितली असशील, साधारण तशाच गिरक्या, फक्त थाळी हाताबरोबर येते आणि हे वजन मागे राहतं. मागे राहतं म्हणजे राहूच द्यायचं. उजव्या हातात कडी, हात सैल आणि लांब, कोपर सरळ, वजन उजव्या खुब्याच्या मागनं फरफटत येतंय असं वाटलं पाहिजे, तू पुढे पुढे आणि ते मागे मागे, जत्रेत लहान पोराचा हात धरून चालतो तसं. दोन गिरक्या झाल्या, डावा पाय फळीजवळ टेकला की मग पाय आणि कंबर एकदम उघडायची आणि हात शेवटी. जिमवाल्याचा हात मात्र पहिल्याच गिरकीत वाकतो, कारण जड काही हातात आलं की ते स्वतःकडे ओढायचं हीच सवय दहा वर्षं लावलेली असते. कोपर वाकलं की वर्तुळ लहान होतं, वर्तुळ लहान झालं की वेग मेला, आणि वर दंडाच्या स्नायूची तार कोपराजवळ तुटायची भीती. हे मी घाबरवायला सांगत नाही, एकाचं तुटलेलं डोळ्यांनी बघितलंय, आवाज पण आला होता. तेव्हा पहिले सहा आठवडे गिरक्या घेऊच नकोस. नुसता उभा राहा, वजन डावीकडे-उजवीकडे झुलव आणि उभ्याउभ्या फेक. कंटाळवाणं आहे, मला माहितीय. मग एक गिरकी, मग दोन. आणि ५६ ला पहिल्या सीझनमध्ये फक्त ओळख करून घ्यायची, दोस्ती नाही.

पण सुरुवात स्टोनपासनं, म्हणजे दगडफेकीच्या इव्हेंटपासनं कर, कारण गोळाफेक तुला येतेय. इथे लोखंडी गोळा नसतो, खरा दगड असतो, बहुतेक वेळा नदीतला गुळगुळीत झालेला, आणि दर गावाचा आपापला. त्यामुळे एका गावातला आकडा दुसऱ्या गावाशी लावायचाच नाही, इकडे दगड १६ पौंडाचा, तिकडे २२ चा, एक जरा चपटा, एक अंड्यासारखा, आणि मैदानाला उतार असेल तर विचारूच नकोस. म्हणून इथे त्या त्या मैदानाचा रेकॉर्ड हीच खरी गोष्ट. दगड हातात घेतलास की आधी गोल गोल फिरवून बघ, कुठल्या बाजूनं तो पंजात बसतो ते शोध, अनुभवी लोक सगळ्यात जास्त वेळ त्यातच घालवतात. फेकायची पद्धत तीच, मानेला लावायचा आणि एका हातानं ढकलायचा, ग्लाइड, म्हणजे मागनं सरकत येणं, चालते, स्पिन, म्हणजे गिरकी, चालतो. फक्त ब्रेमार गावच्या पद्धतीचा स्टोन असेल तर जागेवर उभं राहूनच टाकायचा, मागनं सरकत यायचं नाही, आणि ब्रेमारचा दगड २८ पौंडाचा आहे. तिथे तुझे जिमचे खांदे कामाला येतील, खूश हो.

हॅमरबद्दल एक गैरसमज सगळ्यांनाच असतो. ऑलिंपिकमधला हॅमर म्हणजे तारेला गोळा आणि माणूस गरगर फिरतो. इथला हॅमर जुना, त्याला सरळ दांडा असतो, पूर्वी लाकडाचा, आता वेताचा किंवा प्लॅस्टिकच्या पाइपचा, साधारण ५० इंच, टोकाला १६ किंवा २२ पौंडाचा गोळा, आणि पाय जागचे हलवायचेच नाहीत. मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, डोक्यावरनं दोन-तीन फेरे घ्यायचे आणि डाव्या खांद्यावरनं मागे सोडायचा. पाय हलू नयेत म्हणून बुटाच्या पुढे पोलादी पातं लावलेलं असतं, ते जमिनीत रुतवून माणूस मागे झुकतो, जवळजवळ पडतोय असं वाटतं आणि हॅमरचा ओढ त्याला धरून ठेवतो. सगळ्या इव्हेंटमध्ये मला हाच सगळ्यात देखणा वाटतो. यात ताकदीचा उपयोग सगळ्यात कमी आणि लयीचा सगळ्यात जास्त. गोळा उजवीकडे खाली असताना ढकलायचा, वर गेला की हात सैल सोडायचे, कंबर त्याच्या उलट्या बाजूला. घरी केरसुणीचा दांडा घेऊन आरशासमोर नुसते फेरे मार रोज शंभर, बायको हसेल, हसू दे. सुरुवातीला पात्याचे बूट विकत घेऊ नकोस, कुणाचे तरी मापाचे मिळतात, नाहीतर फुटबॉलचे बूट चालतात थोडे दिवस. आणि हॅमर एकटा असताना पार्कात अजिबात नाही, सुटला की कुठे जाईल सांगता येत नाही, तो पिंजऱ्यातून किंवा अनुभवी माणूस शेजारी असतानाच.

वेट ओव्हर द बार सोपं समजायला आणि बघायला भारी. ५६ पौंड, एक हात, बारकडे पाठ, पायांमधनं एकदा-दोनदा झोका द्यायचा आणि डोक्यावरनं मागे बारपलीकडे टाकायचं. उंच उडीसारखंच, दर उंचीला तीन चान्स. केटलबेल स्विंग येत असेल तर निम्मं आलं. खांद्यानं उचलायला गेलास की संपलास, उसळी कंबरेतनं यायला हवी. आणि एक नियम पाठ कर, हात सोडला की वर बघायचं आणि पुढे सरकायचं, कारण फेक कमी पडली तर ५६ पौंड बार ओलांडत नाही, तुझ्याकडेच परत येतं. काही ठिकाणी शीफ पण असतो, म्हणजे पेंढ्यानं भरलेलं पोतं काट्यानं बारवरनं उडवायचं, गंमत आहे, त्याच्यासाठी आत्ता वेळ घालवू नकोस.

आता केबर. तुला खरी खाज याचीच आहे हे मला माहितीय, सगळ्यांनाच असते.

केबर हा गेलिक शब्द, अर्थ वासा. छपराचा असतो तो वासा. आपल्याकडे म्हणतात ना, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तर इथे घर जागेवर असतं आणि वासा फिरवायचा असतो, हाच खेळ. फेकला किती लांब ते कुणी मोजतच नाही! टीव्हीवर बघून निम्म्या जगाला वाटतं की लांबी मोजतात. खरं असं, की वासा पुढे पळत जाऊन असा उडवायचा की त्याचं जाड टोक, जे वर आहे, ते पुढे खाली येऊन जमिनीवर टेकलं पाहिजे, मग वासा त्यावर उभा होऊन बारीक टोक तुझ्यापासनं लांब पुढे पडलं पाहिजे. घड्याळाचे काटे डोळ्यासमोर आण, तू सहावर उभा आहेस, बारीक टोक बरोबर बारावर पडलं की परफेक्ट. अकरावर किंवा एकवर पडलं तर कमी, दहा किंवा दोनवर आणखी कमी. पूर्ण फिरलाच नाही तर किती अंशापर्यंत उभा झाला ते बाजूचा पंच बघतो. ब्रेमारचा प्रसिद्ध केबर १९ फूट ९ इंच लांब आणि १३२ पौंडाचा, म्हणजे ६० किलो, आणि तू म्हणशील ६० किलो तर मी बेंचवर वॉर्मअप करतो. भावा, ६० किलोचा बार आणि सहा मीटरचा डुलणारा ओंडका यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यात रात्री पाऊस पडला असेल, आणि इथे पडतोच, तर लाकूड पाणी पितं, जड होतं आणि वर निसरडं.

क्रम असा. दोन-तीन जण वासा उभा करून देतात, बारीक टोक खाली. तू वाकतोस, बोटं एकमेकांत अडकवून दोन्ही पंजे बुडाखाली सारतोस, वासा खांद्याला आणि मानेला टेकलेला. मग पायानं उचलायचा, इथे पाठ गोल केलीस तर आठवडाभर बूट पण घालता येणार नाहीत. उचलला की लगेच पळू नको. नवीन माणूस इथेच मार खातो, वासा उचलला की तो पुढे कलतो, माणूस त्याच्या मागे पळत सुटतो आणि मग वासाच माणसाला पळवतो. माझ्या पहिल्या केबरला मी असाच सरळ पंचाकडे गेलो होतो, पंच म्हातारे गृहस्थ, पण काय चपळाईनं बाजूला झाले! आधी उभा राहून तोल घे, वरचं टोक कुठे डुलतंय ते खांद्याला कळतं, डोळ्यांनी बघायला जाऊ नकोस. मग हळू चाल, मग पळ, वासा किंचित पुढे पडायला लागला की एकदम थांब, पाय रोवायचे, आणि हात खालनं वर, कानाच्या वर जाईपर्यंत. वासा पळत होता, तू थांबलास, त्यामुळे वरचं टोक पुढे जातं आणि बुडाला तू वर फेकतोस, तो पलटी होतो. थांबणं हाच केबर. ते जमलं नाही तर कितीही ताकद असू दे, वासा आडवा पडतो.

आणि बिघडतंय असं वाटलं की सोडून द्यायचा आणि लांब चालायला लागायचं. सावरायला जायचं नाही, झेलायला तर नाहीच नाही. सरावाला पूर्ण केबर घेऊच नकोस, १२-१४ फुटांचा हलका खांब पुरे, आणि एकट्यानं नाही, मदतीला दोन माणसं असली तरच.

ताकदीचा विषय निघाला म्हणून, तुझ्याच रस्त्यावर, डीसाइडला, म्हणजे डी नदीच्या काठच्या भागात, अबॉयनच्या अलीकडे पोटार्क नावाचा पूल लागतो. तिथे डिनी स्टोन्स आहेत, कड्या लावलेले दोन दगड, मिळून ७३३ पौंड, म्हणजे ३३२ किलोच्या वर. डोनाल्ड डिनी, जन्म १८३७, याच भागातला माणूस, त्यानं १८६० मध्ये ते दोन्ही हातात धरून पुलाच्या रुंदीइतके नेले असं मानतात. हा माणूस पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत फिरला, फेकून आणि कुस्त्या मारून पैसे कमावले. आपल्या तालमीत नाल उचलायची पद्धत आहे तसंच इथे गावागावात उचलायचे दगड होते, तू सांगलीचा म्हणजे तालमीच्या कोपऱ्यात दगडी नाल पडलेला बघितलाच असशील. लोक पोटार्कला अजून लांबून लांबून येतात ते दगड उचलायला. बघून ये जरूर, पण त्याचा आणि फेकीचा संबंध थोडाच. उलट बघ, जेफ केप्स हा इंग्लंडचा ऑलिंपिकचा गोळाफेकपटू, तो नंतर हायलँड गेम्सचा अनेकदा जगज्जेता झाला. तो ताकदवान होताच, पण तो आधी फेकणारा होता. तुझ्याकडे पण तो कॉलेजचा गोळा आहे, तेच भांडवल, डेडलिफ्ट नव्हे.

किल्ट. हो, घालावाच लागतो, तो नियम आहे, बाकी वर टीशर्ट चालतो आणि तो पुढचा लोंबणारा बटवा, स्पोरन, फेकताना काढूनच ठेवतात. नवा आठ यार्डांचा लोकरी किल्ट घ्यायला जाऊ नको, पैसे पण जातील आणि चिखलात खराब होताना जीव तुटेल. धर्मादाय दुकानात जुने मिळतात, किंवा खेळासाठीचे हलके स्वस्त मिळतात. चुण्या मागे आणि सपाट भाग पुढे, उलटा घालू नकोस, मी घातला होता. कुठला टार्टन, म्हणजे चौकड्यांची कुठली नक्षी, घालावा यावरनं टेन्शन घेऊ नको, ब्लॅक वॉचसारखे कुणीही घालतात. आणि आपल्यासारख्या माणसानं घातला तर लोक काय म्हणतील, तर म्हणतात एवढंच की कुठला रे तू, सांगली कुठे आली, आणि हातात बिअर देतात. अकरा वर्षांत वाकडं बोलणारा एकच भेटला, तोही प्रेक्षकांतला, आणि त्याला उत्तर मी द्यायच्या आधी आमच्यातल्या दोघांनी दिलं.

बाकी सामान काही फार नाही. हाताला लावायला राळ, चिकटपणासाठी, पावसात खडू निकामी होतो. बोटांना टेप. दोन जोडी मोजे. आणि मिजेस नावाचे बारीक चावरे किडे असतात त्यांच्यासाठी काहीतरी मलम, नाहीतर केबर खांद्यावर असताना ते कानात घुसले की कळेल.

एन्ट्रीचं असं. सीझन मे ते सप्टेंबर. स्कॉटिश हायलँड गेम्स असोसिएशन म्हणून संस्था आहे, १९४६ पासनं, त्यांचं कॅलेंडर बघ, गावं आणि तारखा त्यात असतात. मोठ्या ठिकाणी, ब्रेमारसारख्या, जिथे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी राजघराणं येऊन बसतं, तिथे तू पहिल्या वर्षी प्रेक्षक म्हणूनच जा. पण बऱ्याच गेम्समध्ये लोकल गट असतो, त्या भागात राहणाऱ्यांसाठी, तो तुझा दरवाजा. जवळपासच्या छोट्या गावच्या गेम्सच्या सेक्रेटरीला सरळ ईमेल टाक, मी नवीन आहे, अमुक ठिकाणी राहतो, लोकल हेवीमध्ये, म्हणजे जड फेकींच्या लोकल गटात, घ्याल का. त्यांना माणसं हवीच असतात. बक्षिसाची रक्कम मिळते, पूर्वी ती घेतली म्हणून माणसाला व्यावसायिक ठरवून हौशी ॲथलेटिक्समधनं बाहेर काढायचे, आता तसं काही नाही, आणि लोकल गटात पेट्रोल निघालं तर नशीब समज.

वातावरण म्हणशील तर आपल्या गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडासारखं, हलगीऐवजी बॅगपाइप, एका कोपऱ्यात पोरी नाचतायत, एकीकडे पळायच्या शर्यती, मधेच रस्सीखेच, आणि या सगळ्यात माइकवरचा माणूस तुझ्या नावाची वाट लावतोय. तीन फेकी मिळतात, सगळ्यात चांगली धरतात. दोन फेकींमध्ये वीस मिनिटं बसावं लागतं, अंग थंड पडतं, जर्सी आणि शाल घेऊन जा. दुसऱ्यांची वजनं उचलून आणून दे, टेप धर, केबर उभा करायला हात लाव, त्या दिवसातच तुला जेवढं शिकवतील तेवढं व्हिडिओ बघून वर्षभरात येणार नाही. जो तुला हरवणार आहे तोच फेकीआधी येऊन सांगेल, डावा पाय लवकर उघडतोय तुझा. खायला बर्गर आणि मांस भरलेली पेस्ट्री, शाकाहारी असशील तर चिप्सवर दिवस काढावा लागेल, मी धपाटे आणि लोणचं घेऊन जातो आणि आता निम्मे हेवीवाले ते मागून खातात.

सराव कुठे करायचा, हा खरा किचकट प्रश्न. पार्कात २८ पौंड पडलं की मातीत चांगला वाडग्याएवढा खड्डा होतो. मी सुरुवातीला एका फुटबॉलच्या मैदानावर गुपचूप फेकायचो, एका सकाळी तिथला माळी फावडं घेऊन माझी वाटच बघत होता, सगळे खड्डे माझ्याकडूनच बुजवून घेतले. आधी विचार. शेतकऱ्याला विचारलंस तर बहुतेक हो म्हणतो, कुंपण दुरुस्त करायला रविवारी जाशील तर नक्कीच. साहित्य पण घरी होतं, एका जाड पिनेवर जिमच्या छोट्या प्लेट चढवून, साखळी आणि मूठ लावून वेट बनतं, नटबोल्ट मात्र दर फेकीला तपासायचे. दगड नदीकाठचा, बाथरूमच्या काट्यावर वजन कर, सात-साडेसात किलोचा शोध.

जिम सोडू नकोस, पण तिचा क्रम उलटा कर. आठवड्यात दोन दिवस फेक आणि दोन दिवस जिम, त्यात पॉवर क्लीन, स्क्वॉट, डोक्यावर प्रेस, केटलबेल स्विंग आणि पकडीसाठी दोन्ही हातात वजन घेऊन चालणं. जड डेडलिफ्ट दोन आठवड्यांतनं एकदा पुरे, फेकीच्या आदल्या दिवशी कधीच नाही. पोटरी आणि घोट्याचा व्यायाम तुझ्यासारखे लोक करतच नाहीत आणि गिरकीत पहिले तेच बोंबलतात. हाताला फोड येणार, फुटणार, त्याला मीठ-पाणी. हॅमरच्या पहिल्या महिन्यात बरगड्यांच्या मधला भाग एवढा दुखेल की शिंकायची भीती वाटेल, ते ठीक आहे. पण कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कंबरेत टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी थांब आणि फिजिओकडे जा, मर्दानगी दाखवू नकोस.

आत्ता कुठला महिना आहे बघ आणि मेपर्यंत मोज. स्टोन आणि उभ्याउभ्या वेट, एवढंच धर, हॅमरचे फेरे केरसुणीवर. जूनमध्ये ॲबर्डीनचे स्वतःचे गेम्स हेझलहेड पार्कात असतात, तिथे जाऊन हेवीवाल्यांच्या जवळ उभा राहा आणि पाय बघ, हात नको. ऑगस्टमध्ये तुझ्या रस्त्यावरच अबॉयन, बॅलटर, जरा आत गेलं की लोनाख, त्यातल्या कुठल्या तरी ठिकाणी मी असेनच, केबर उभा करायला माणूस कमी पडतो, मला येऊन सांग सांगलीचा आलोय.

आणि तुझा लाजत विचारलेला प्रश्न, किल्टच्या आत काय. पर्यटकांना सांगायची उत्तरं वेगळी, तू काळी सायकलिंग शॉर्ट्स घाल, घट्ट आणि गुडघ्याच्या वर संपणारी. वेट ओव्हर द बारच्या पहिल्या प्रयत्नाला बहुतेक सगळे पाठीवर आपटतात, पाय आकाशाकडे, आणि समोर खुर्च्या टाकून अख्खं गाव बसलेलं असतं.